रकाना चौदा

धांडे भाऊसाहेब म्हणाले, मॅडम, पाचला नेट जातं,
चौदावा रकाना तेवढा भरून टाका.
फैजपूर, एप्रिल. कूलर नुसता वारा फिरवतोय.
एकूण शोधनिबंध : एकवीस.
एकूण उल्लेख : एकशे बारा.
एच-इंडेक्स (बोटांवर पुन्हा मोजला) : पाच.

संगणकाला मी दोन बायका दिसते.
झोपे, वि. : नऊ निबंध, लग्नाआधीचे.
फेगडे, वि. : बारा.
फेगडेने झोपेचा दाखला चारदा दिलाय
आणि संगणक म्हणतो, वा,
परक्या बाईचं एवढं कौतुक! धरा गुण.
मी गप्प बसले. स्वतःचा दाखला धरत नाहीत,
पण मी कुठे स्वतः राहिले होते?

वर्गात हेच तर शिकवते.
पेशी दुभंगते, दोन कन्यापेशी होतात.
आई गेली, असं कुणी वहीत लिहीत नाही.

एकशे बारातले एकसष्ट त्या एकट्या लेखाला,
जो दिवाळीच्या सुट्टीत
चकल्यांचा घाणा उतरता उतरता
इतरांचं वाचून जुळवला होता.
त्यात माझी एकही पेशी नाही.

आणि हा दोन हजार नऊचा.
केळीच्या मुळाच्या टोकाशी पेशी कोणत्या वेळी विभागतात,
अकरा पानं, सहा छायाचित्रं,
तेहतीस गुणसूत्रं, चिमटीत न येणारी,
रंग चढवताना दोन बोटांची कातडी गेली ती वेगळीच.
कार्तिक ते माघ,
रोज सकाळी टेबलावर बाटली तयार,
आत आर्कात बुडालेल्या पांढऱ्या मुळ्या.
उल्लेख : शून्य.
आभारात प्राचार्य आहेत, संस्थाचालक आहेत,
सूक्ष्मदर्शक विकणारी कंपनी आहे.
बाटली आणणारा नाही.

मागच्या महिन्यात युगांडाहून पत्र आलं.
नाकाटो नावाची मुलगी, पीएच.डी. करते,
तिच्याही घरामागे केळीच.
लिहिते : तुम्ही पावणेदहा म्हणता.
मी तीन महिने पावणेदहाला खणते आहे,
माझ्या काचेवर सगळ्या पेशी झोपलेल्या.
माझं कुठे चुकतंय?

परसाड्याला गेले. सुभान तडवी ओट्यावर,
एका डोळ्याला हिरवी पट्टी, मोतीबिंदूची.
दुसऱ्याने ओळखलं.
चहा होईस्तोवर काही विचारता आलं नाही.
मग विचारलं, मुळ्या किती वाजता काढायचात?

"घड्याय कोनं पाह्यलं, बाई.
पानावरचं दव वाये, मंग मी खंदे.
वलं असलं का नाही खंदे.
तुमी याच्या आंधी त माही न्याहारी होये."

शेळी ओट्याशी येऊन माझ्या पदराचा वास घेऊन गेली.

पावणेदहा ही माझी वेळ होती.
यावलहून येणाऱ्या एसटीची,
मस्टरवरच्या सहीची.
चौदा वर्षं ती छापून पडली होती,
कुणी वाचली नाही म्हणून
खोटी ठरली नाही.

रात्री नाकाटोला लिहिलं :
चूक तुझी नाही. घड्याळ काढून ठेव.
पानावर हात फिरव. कोरडा आला, की खण.
लिहिताना कान गरम झाले, या वयात.

तिचं उत्तर आज दुपारी आलं, सोबत एक छायाचित्र.
जांभळ्या रंगात चार पेशी, चारही ऐन विभाजनात,
गुणसूत्रं दोन टोकांना ओढली जाताहेत,
आणि मध्ये ती जागा,
जिथे अजून भिंत आलेली नाही.

खाली एकच ओळ :
मिस्टर तडवींचं नाव
रोमन लिपीत कसं लिहायचं?

रकाना चौदा पुढ्यात उघडा आहे.
आकड्याखेरीज काही घेत नाही तो,
मी 'सु' टाइप करून पाहिलं, लाल झाला.

भाऊसाहेब, पाच वाजले का?