कौल

ग्रंथालयात चार संगणक, त्यातला एक कायमचा रुसलेला.
दुपारी वीज जाते तेव्हा आधी पंखा थांबतो,
मग पोरांच्या माना वर होतात.
मी नोंदवहीत नाव, वेळ, सही घेते.
सही मराठीत, कानडीत, मला कशातही चालते.

मलप्रभा घाडी, इयत्ता नववी.
आधी स्वतःचंच नाव टाकून बघितलं तिनं,
तर धरण आलं, पाणीपातळी आली.
मग जरा गंभीर होऊन विषय सांगितला:
आपल्या खानापूरची कौलं.

टाकलं 'कौल'.
पडद्यावर निवडणूक. जनतेचा कुणाला,
देवाचा उजवा की डावा.
छपराचं कुणी नाव काढेना.
इंग्रजीत विचारलं तर न्हाणीघराच्या चकचकीत फरश्या,
दर चौरस फुटाला, हप्त्यानंसुद्धा.
शेजारच्या खुर्चीवरची शिवलीला अंगडी वाकून म्हणाली,
आमच्यात हेंचू म्हणतात, थांब.
तिनं कानडीत टाकलं.
आला तवा.
तव्यावर टम्म फुगलेली भाकरी.
दोघी इतक्या हसल्या की
पेपरामागून पेन्शनर खाकरले.

मी म्हटलं, शब्दाला असं एकटं धाडू नका गं बाजारात,
सोबत द्या कुणीतरी: माती, भट्टी, तालुक्याचं नाव.
जिल्ह्याचं तर तिन्ही तऱ्हांनी लिहून बघा,
बेळगाव, बेळगावी, बेलगाम.
बाहेर त्यावरून काय व्हायचं ते होऊ दे,
या चौकटीला राग येत नाही,
आणि एकात दडलेलं दुसऱ्यात नसतं.

मग सापडलं. बारा पानांवर सापडलं.
बाराही पानं एकच साल सांगत होती
कारखाना बंद पडल्याचं.
मलप्रभानं पेनाचं टोपण काढलं.
मी म्हटलं, 'कुंभार' कसा लिहिलाय बघ आधी.
बाराही ठिकाणी 'कुभांर'.
अनुस्वार एका घरी घसरला
आणि अकरा घरांनी तो तसाच उचलून नेला.
पानं बारा, पोरी, साक्षीदार एक,
तोही कोण, कुठला, पत्ता नाही.

दोन दिवस ती आली नाही.
तिसऱ्या दिवशी ओढणीत काहीतरी बांधून आणलं,
टेबलावर सोडलं तर आधी धूळच पडली.
शाळेच्या पडक्या मुतारीचं कौल.
पालथं केलं. पाठीवर अर्धा मोर
आणि सहा इंग्रजी अक्षरं, सहावं तुटलेलं.
पाच अक्षरं जशीच्या तशी
अवतरणचिन्हांत बसवली,
पुढे 'रेल्वे' जोडलं, ते तिचं तिलाच सुचलं.
वीज गेली. आली. पुन्हा पहिल्यापासून.

कुठल्याशा जुन्या मालयादीचं छायाचित्र निघालं,
वाकडं, कोपरा वाळवीनं खाल्लेला.
त्यात तीच अक्षरं, सहावंसुद्धा.
आणि साल, त्या बारा पानांनंतर नऊ वर्षांचं.
बंद कारखान्यातून
तीन वॅगन कौलं निघाली होती.

"मग ही बारा खोटं बोलतात काय ओ?"
खोटं नाही गं, ऐकीव.
शिवलीला म्हणाली, गोदामात पडून राहिलेला मालही असेल.
असेल. मी त्या दोघींकडे बघत राहिले.

प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर तिनं मांडलं
काय कुठून घेतलं, कुठल्या तारखेला बघितलं,
कानडीचा अर्थ शिवलीलानं सांगितला, तेही.
आणि खाली एक ओळ:
कारखाना नक्की कधी बंद झाला ते मला कळलं नाही.

सरांनी त्या ओळीचा अर्धा गुण कापला.

वही घेऊन ती माझ्याकडे आली. मी काय सांगणार.
कौल आता छपाईच्या कागदांवर वजनाला असतं,
मोर खाली, पाठ वर.
नोंदवही पुढे सरकवली. नाव, वेळ, सही.
आज काय गं?

"त्या वॅगन कुठं उतरल्या,
ते बघतो की."