शून्य नंबर

नवी पेठेत चौतीस वर्षं माझं चष्म्याचं दुकान.
कमी दिसणाऱ्यांवर घर चाललं.
भिंतीवर चार तक्ते : मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू,
आणि पाचवा, न शिकलेल्यांसाठी,
त्यात नुसते तोंड फिरवलेले काटे.

मे महिना, पारा चव्वेचाळीसवर.
राजव्वा येमूल आली. मागे जावई,
त्याच्या बगलेत सिव्हिलची फाईल.
ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली, मांडी घालून,
मांडीवर विड्यांचं सूप असल्यासारखी.
म्हणाली,
"मला लई दिसलालंय, सारू.
जरा कमी करून द्या."

हे आजवर कुणी मागितलं नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं.
नळाला पाणी यायचा दिवस होता, म्हणून पहाटेच उठलेली.
ओल्या गोणपाटातनं पान काढलं, वर पत्रा ठेवला,
कात्री लावणार तर शिरेतनं काहीतरी चाललेलं.
उजेड म्हणावा तर डोळे दिपत नव्हते.
पाणी म्हणावं तर बोट कोरडं.
मग ते पानातनं हातात आलं, हातातनं सुपात,
सुपातनं मीटरच्या डब्यात, गटारीत, लंगड्या शेळीत,
विड्या छाटणाऱ्या मुनशीच्या टकलात.
"त्याच्यात पण?" मी विचारलं.
"त्याच्यात बी," ती म्हणाली, जरा नाराजीनंच.

भीती वाटते? नाही.
आवाज येतात? येतात की, शेजारच्या मागाचे.
मग अडचण काय?
"हजार व्हायच्या रोजच्या. आता चारशे.
पान कापवंना, सारू."

जावयानं फाईल उघडली. डोक्याचा फोटो स्वच्छ.
गोळ्यांनी झोप येते,
झोपेतही तेच दिसतं, फक्त आडवं.
गल्लीतल्या पोरांनी मोबाईलवर व्हिडिओ टाकलाय.
एक जण म्हणतो ट्रस्ट काढू, पत्र्याची शेड, दानपेटी,
किल्ली त्याच्याकडे.
जावई वाईट नव्हता. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून
तसाच आला होता, उभ्याउभ्या डुलत होता.

याच गावात, नऊशे वर्षं होत आली म्हणतात,
एकाला कोरड्या माळावर तळं दिसलं
आणि माणसं फावडी घेऊन आली.
त्या तळ्याकाठी आम्ही आता संध्याकाळी भेळ खातो
आणि कुणाला काही दिसलं तर विचारतो,
कधीपासून? जेवणाआधी की नंतर?

मी तिला पाचव्या तक्त्यासमोर बसवलं.
"काटे दिसतात?"
"काटे हायेत की. पण त्यांच्या मधलं पांढरं
हललालंय बघा. ते वाचू का?"

पेटीत दोनशे बत्तीस काचा. एकेक घालत गेलो.
"आता?"
"हाय."
"आता?"
"हाय."
घामानं माझाच चष्मा घसरत होता.

शेवटी साधी काच बसवली, शून्य नंबर, जाड काळी फ्रेम.
म्हणालो, हळूहळू कमी होईल.
दोनशे रुपये घेतले. का घेतले
ते अजून कळत नाही, पण घेतले.

दारात ती वळली. त्या नव्या चष्म्यातनं
मला बघत राहिली, मुनशीला बघितलं असेल तशी.
"तुमच्यात बी," म्हणाली,
आणि उन्हात उतरली.

संध्याकाळी झाडताना खुर्चीखाली
पानाचा एक कपटा सापडला.
भिंगाखाली धरला. शिरा. शिरेला फुटलेल्या शिरा.
लाईट गेली तेव्हा शटर अर्धं ओढून परत बघितला.
शिराच.
मोडक्या काड्यांच्या डबीत ठेवलाय.

काल कॉलेजातला एक पोरगा आला, लांबचं दिसत नाही म्हणत.
नंबर काढला, उणे दीड.
पावती फाडताना विचारणार होतो,
जवळचं काय काय दिसतं.
त्याला बस पकडायची होती.