पोचलेलं माप

लीड्सहून ऋताचा फोन.
आई, डिंकाच्या लाडवात एक चिपटं बदाम म्हणजे किती ग्रॅम?
इथे काटा आहे, चिपटं नाही.

कुमुदच्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
आठवडाभर शेगडीपाशी जायची बंदी.
तिने फोन माझ्याकडे सरकवला,
"हे वजनमापवाले. यांना विचार."

एकतीस वर्षं मी मापंच तपासली,
रविवार कारंज्यापासून नांदगावच्या बाजारापर्यंत.
पारड्याखाली चिकटवलेलं मेण,
बूड आत ठोकलेला लिटर
नुसतं उचलून ओळखायचो.
घरातलं पितळी चिपटं मात्र
कधी हातात घेतलं नव्हतं.

टेबलावर काटा. शून्य.
सबंध बदाम, एकशे बत्तीस.
त्याचेच काप केले तर एकशे दहा.
कुटून, अलगद भरले तर ऐंशीच्या आत,
आणि टेबलावर आपटून आपटून भरले
तर पुन्हा शंभराला टेकतात.
अक्रोड नव्वद.
अक्रोडाला खोल्या फार, हवा भाड्याने राहते.
चारोळी कुणाला जागा देत नाही.
निफाडचे बेदाणे मात्र एकमेकांना चिकटून बसतात,
त्यांचा आकडा दर वेळी वेगळा आला,
शेवटी मी खोडून टाकला.

"सपाट की शिगोशीग?"
कुमुद कॉटवरून म्हणाली, "भरा तर आधी."
मी भरत गेलो. ती ऐकत होती.
झालं, मी म्हटलं.
"कुठे झालं? अजून सहा मावतील."
सहा मावले.
सातव्याने टेबलाखाली उडी मारली.

मग मला राहवेना.
पाणी भरून मापलं.
जेवढं मावायला हवं त्याहून अठरा मिलीलिटर कमी!
कुणा किराण्याकडे सापडतं
तर जागेवर पंचनामा केला असता.
आतून बोट फिरवलं. काठाखाली पोचा.

"हा कधीचा?"
"अठ्ठ्याऐंशीचा. तुमच्या दारातला.
शेर सापडेना म्हणून तुमच्या आत्याने
चिपटंच ठेवलं तांदूळ भरून.
हळूच लोट म्हणाल्या. मी घाबरून जोरात लोटलं.
पायरीवरून गडगडत थेट नळाच्या दगडावर.
सगळे हसले.
तुम्ही खाली बसून तांदूळ वेचत होतात."

तांदूळ मला आठवतात.
चिपटं नाही आठवत.

म्हणजे त्या दिवसापासून या घरात
भात, साखर, रवा, ऋताचं बाळंतगुटीनंतरचं पहिलं मऊ खिमट,
सगळं अठरा मिलीलिटर कमी मोजलं गेलं
आणि कधी कुणाला कमी पडलं नाही.
मी विचारलं, कसं?
"वर चिमूटभर घालते की," ती म्हणाली,
"तुमच्या कायद्यात चिमूट नाही वाटतं."

रात्री ऋताला पूर्ण तक्ता पाठवला,
सबंध, काप, कूट, तिन्ही रकाने.
सकाळी तिचं उत्तर आलं होतं:
बाबा, तक्ता छान आहे. चिपटंच पाठवा.
कुमुदने पट्टीखालून विचारलं,
"आणि मी कशात मोजू?"

तांबट आळीत दुपारचे ठोके चालू होते.
नीलकंठने चिपटं उलटंपालटं केलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
"साहेब, तुम्हीच ना?
आमच्या अण्णांचं मापटं नेलं होतं तुम्ही,
पोचलेलं आहे म्हणून."
मी नाही म्हटलं नाही.

"तर याच्यासारखंच हवं."
"होईल."
"तसंच्या तसं."
"पोचा पण?"
"पोचा पण."

तो हसला नाही, याचे उपकार.
मोठी हातोडी ठेवून लहान घेतली.
"केवढा पाडू?"

अठरा मिलीलिटर, मी म्हणणार होतो.
ओठापर्यंत आलंही होतं.
मग भर आळीत चप्पल काढली,
पायाचा अंगठा पुढे केला
आणि म्हटलं,
याच्याहून थोडा लहान.