चार्ज देताना

ही किल्ली. एकच आहे.
दुसरी निंबा सोनवणेच्या बॅचला गिरणेत पडली म्हणतात.
गिरणेत तेव्हा पाणी होतं,
हेच मला खरं वाटत नाही.

जिन्याखालचं हे कपाट.
डावं दार आधी गुडघ्यानं दाबायचं,
मग ते ऐकतं.
आत पुस्तकं एकशे बारा, रजिस्टरात एकशे एकोणीस.
मधली सात कुठे, विचारू नकोस यामिनी.
मी विचारलं होतं भाटूदादाला.
तो म्हणाला, म्या बी इचारं व्हतं.

वेळ सात ते आठ. महालेकाकांची शिट्टी झाली की बंद.
दंड रोजचे पन्नास पैसे,
सुटे कुणाकडेच नसतात,
म्हणून शेंगदाण्याची पुडी चालते.
हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

एप्रिल लागला की कपाट खिडकीपासून ओढून घे.
इथल्या उन्हात डिंकसुद्धा धीर सोडतो.
स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आठवड्यावर देऊ नकोस,
कवितेची कितीही दिवस.
ती नेणारे तिघंच.

आता पान सत्तेचाळीस.
तेरसिंग पावरा, खोली एकोणीस,
गाव धडगावच्या वर कुठेतरी.
सेंद्रिय रसायन, जाडं.
मागच्याच्या मागच्या पोळ्याला गावी गेला तो गेलाच.
फोन बंद.
मी लाल शाईनं ‘गहाळ’ लिहिलं,
मेसच्या पैशांतून ऐंशी रुपये भरले,
आणि एक अख्खं सेमिस्टर
त्याच्यावर चिडून राहिलो,
म्हणजे जेवताना, विशेषतः.

परवा शहाद्याच्या गाडीच्या कंडक्टरनं
गेटवर एक खताची पिशवी ठेवली, वर सुतळी.
पुस्तक फुगलंय. चुलीचा वास येतो.
प्रत्येक अभिक्रियेखाली पेन्सिल,
तेरसिंगची नाही, बारीक, डावीकडे कललेली,
बाण दोनदा खोडून
तिसऱ्यांदा बरोबर काढलेले.
आणि वहीच्या पानावर:

‘दादा सुरतला कामाला आहे.
पुस्तक द्यायचं आहे म्हणाला होता.
माझी बारावी झाली म्हणून आता पाठवते.
दंड किती?
रेवली पावरा.’

सहाशे दिवस धर. पन्नास पैशांनी.
मी हिशोब रुपयांत केला,
मग शेंगदाण्यांत केला,
मग रजिस्टर मिटून जिन्यावर बसून राहिलो.
गहाळ झालेलं परत आलं, असा रकाना
आपल्या रजिस्टरात नाही. आखायला हवा होता.
मी आखला नाही, पट्टी सापडेना म्हणून.

तर, हे धरून एकशे तेरा.
तिला उत्तर लिहिलेलं नाही अजून,
तेही तुझ्याकडे चार्जमध्ये आलं.
आणि बारावीनंतरचं रसायन, निळ्या पुठ्ठ्याचं,
खालच्या फळीवर आहे,
दोन वर्षांत कुणी मागितलेलं नाही.

पत्ता पिशवीवर आहे.
सुतळी मी फेकली नाही.