बिडाचा आवाज

कोल्हापुरात रूळ संपतात.
पुढं बफर, बफरच्या मागं धुळकट कण्हेर,
आणि डोंगर सगळे त्याच्याही पलीकडं, मावळतीला,
जिकडं एकही गाडी जात नाही.
म्हणून रेल्वेनं डोंगरावर जायचं म्हटलं
की आम्हाला उगवतीला जावं लागतं,
डोंगरांकडं पाठ करून.

"एस्टीनं पन्हाळ्याला जाऊया की," दस्तगीर म्हणाला,
"तासाभरात वर."
पिराजी ऐकेना. रेल्वेच म्हणाला.
हातकणंगल्याची चारही तिकिटं त्यानंच काढली,
पैसे कुणाला देऊ दिले नाहीत.

आमची सुट्टी रविवारी दुपारी लागते,
सोमवारी संपते. उद्यमनगरचा वारच तसला.
तेव्हा भट्ट्या गार, लेथ गप्प,
वाळूच्या ढिगावर कुत्री पसरलेली.

गाडी लागली तरी पिराजी चढेना.
फलाटाच्या टोकाला, उतरत्या बाजूला जाऊन
चाकापाशी उकिडवा बसला,
दूध काढायला बसावं तसा.
"ये की लेका, शिट्टी झाली!"

बत्तीस वर्षं त्यानं रेल्वेच्या ब्रेकचे ठोकळे ओतले.
वाळू चाळली, साचा दाबला,
लेडलमधनं पांढरंफेक बीड सोडलं.
ट्रक भरभरून माल गेला,
कुठल्या गाडीला लागला, कधी कळलं नाही.
दिवाळीपासून ऑर्डर बंद.
आता हलकं कायतरी निघालंय, मिसळणीचं,
मालकानं चहा पाजून सांगितलं.

डब्यात आला तेव्हा तळहात काळा.
"काय हाय?" नेमगोंडानं विचारलं.
"दिसंना," म्हणाला,
आणि हात पुसला नाही रुकडीच्या पुलापर्यंत.

आळत्याच्या वाटेला ऊन कलतं होतं.
ऊसतोड झालेली रानं, पाचट जळाल्याचे पट्टे.
चढ लागला तशी आमची वयं बाहेर आली:
दस्तगीरचा गुडघा, माझा दम,
नेमगोंडाची दर वळणावर "आता आलंच".
पिराजी पुढं. मधेच थांबून
कड्याच्या खडबडीत कडेवर हात फिरवला.
"साचा घाईनं काढलाय," म्हणाला.
"फिनिशिंगच राहिलंय ह्या डोंगराचं."

दिवस बुडायच्या आत नेमगोंडानं
दशमी, शेंगाची चटणी, वर पाणीसुद्धा उरकलं,
आणि मग आम्ही भाकरी मोडली तेव्हा
तोंडाला सुटलेलं पाणी गिळत
कुत्र्यांवर दगड भिरकावत बसला.
खाली इचलकरंजी,
उसवलेल्या सुतासारखे दिवे.
वारा फिरला की मळीचा वास वरपर्यंत.
चादरी चारच, थंडी पाच जणांची.

किती वाजले होते ठाऊक नाही.
पिराजीनं मला कोपरानं ढोसलं.
"ऐकलंस?"
लांब, काळोखाच्या तळाशी एक गाडी
स्टेशनात शिरताना किंचाळत होती,
लोखंडावर लोखंड, लांबलचक,
हळूहळू जाड होत गेलेलं.
"बीड हाय. नवा माल गप असतोय. हे बोंबलतंय बघ."
आवाज थांबल्यावरही तो बसूनच,
मान थोडी वाकडी, कढ येईपर्यंत
दुधापाशी थांबावं तसा.
"ते आपलंच, कशावरनं?" दस्तगीर अंथरुणातनं.
उत्तर आलं नाही.
त्यानंतर दोन गाड्या गेल्या.
पहिली ओरडली.
दुसरीच्या वेळी, मला वाटतं, आम्ही तिघंही जागे होतो
आणि झोपल्यासारखे पडून होतो.

सकाळी धुकं. दस्तगीरची चप्पल तुटली,
नेमगोंडानं सुतळीनं बांधली,
उतारभर तो घोड्याला नाल मारल्यागत चालला.
हसून हसून पिराजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतीच्या गाडीत तो दाराशी उभा राहिला.
रुकडी. वळिवडे. गूळ मार्केट.
मग कोल्हापूर, शेवटचा फलाट,
गाडी सावकाश बफरकडं सरकायला लागली,
आणि दस्तगीर एकाएकी मोठ्यानं बोलायला लागला,
मिसळ कुठं खायची, कट कुठला तिखट,
कारण नसताना, डबाभर ऐकू जाईल असा,
गाडी पूर्ण थांबेपर्यंत.