दुसरी किल्ली

माहीमच्या शाखेत, तळघरात,
एकतीस वर्षं माझ्या कमरेला एक किल्ली होती
जिच्या एकटीनं काहीच उघडायचं नाही.

खातेदार सही करायचा,
मी रजिस्टरातल्या जुन्या सहीशी ताडून बघायची.
आधी माझी किल्ली, अर्धा फेरा.
मग त्याची.
कुलूप टक् म्हणालं की मी पाठ फिरवायची.
हे नियमात नव्हतं. राजाध्यक्षबाईंनी शिकवलं,
पहिल्याच दिवशी:
"किल्ली फिरवायला कुणीही शिकतं गं. पाठ फिरवायला शीक."

आता भाची समोर बसलीये, मांडीवर लॅपटॉप.
म्हणते, मावशी, नुसता पासवर्ड पुरत नाही हल्ली,
त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी लागतं.
तुला सोयीचं काय पडेल?
मला हसूच आलं.
दुसऱ्या किल्लीचं ही मला सांगतेय.

मेसेज घे, सगळ्यात सोपा.
पण आमच्या शितळादेवीमागच्या गल्लीत
रेंज येते ती फक्त मोरीच्या खिडकीशी.
आकडे येतात तेव्हा मी तिथे, चष्मा इथे.
घोकत परत यायचं, चार सात नऊ नऊ,
वाटेत कुकरची शिट्टी,
एक आकडा सांडलाच.
शिवाय परवा वरच्या धुरंधरांना कुणाचा तरी फोन आला,
"काका, सहा आकडे आलेत ना, तेवढे सांगा,"
आणि काकांनी सांगितले.
आवाज अगदी घरचा होता म्हणे.

मग ते अ‍ॅप.
त्यात एक वर्तुळ, बघता बघता झिजणारं,
तीस सेकंदांत आकडे शिळे.
मी कधी कुणाला तीस सेकंदांत आवरायला लावलं नाही.
एक मिस्त्री यायचे, दर शुक्रवारी, डगला घालून.
डबा उघडायचे. काही काढायचे नाहीत, काही ठेवायचे नाहीत.
वीस-वीस मिनिटं.
मी भिंतीवरचे पोपडे मोजत उभी.
निघताना फक्त, "बधू बराबर छे, बाई."

अंगठा? अंगठ्याच्या रेषा भांड्यांनी नेल्या.
मी मी नाही,
हे रेशनच्या यंत्रानं मला आधीच कळवलंय.

मग दहा कोड कागदावर छाप, नि जपून ठेव.
जपून म्हणजे कुठे,
ते लिहून ठेवायला अजून एक कागद.

शेवटी तिनं पर्समधून काढली:
नखाएवढी, काळी, जुडग्यात ओवायला एक भोक.
खाचेत घालायची, बोट टेकवायचं, झालं.
आकडे नाहीत, खिडकी नाही, कुकरशी शर्यत नाही.
हातात घेऊन पाहिली. वजन असं काही नव्हतं,
पण कमरेला सवय आठवली.

"दोन घ्याव्या लागतात गं. एक हरवली तर.
दुसरी घरात नाही ठेवायची,
कुणातरी विश्वासाच्या माणसाकडे."
एवढं म्हणून ती गप्प झाली.
तिचं स्वतःचं विमान अठराला, मेलबर्नचं.

सोयीचं काय, विचारत होती तासभर.
सोयीचं कोण, तिथे आलो होतो आम्ही.

संध्याकाळी तळमजल्यावर गेले, फिलोमिनाकडे.
दाराची जादा किल्ली तिच्याचकडे असते,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
लाइटबिलं, दोऱ्याची रिळं
आणि नवऱ्याच्या लायसन्सशेजारी.
म्हटलं, ही पण ठेवशील?
कसली, काय उघडतं, काही नाही.
"डबा तिथंच हाय, टाक त्यात,"
आणि ती तव्यावरच्या बांगड्यांकडे वळली,
माझ्याकडे पाठ करून.

मी झाकण दाबलं.
टक्.