वाटणी

जिनिंगवाल्या शेठचा बंगला होता हा, धरणगावात.
आता तेरा मीटर आहेत.
दर महिन्याच्या अकरा-बारा तारखेला मी येतो,
जिन्याखाली उकिडवा बसून आकड्यांचे फोटो काढतो,
तोवर वॉचमन झिपरू
त्या महिन्याचं भूत सांगतो.

बिल्डरने दिवाणखान्याचे तीन केले.
झुंबराचा आकडा चार नंबरच्या मोरीत गेला,
आता त्याला टॉवेल वाळतो.
एक जिना नऊ पायऱ्या चढून
थेट विटांना भिडतो, पुढे काही नाही.
उताऱ्यावर नाव नव्हतं त्याचं,
तरी भुताचीही वाटणी झाली.

दोन नंबरच्या अमृतकर सरांना मिळाला खोकला,
रात्री अडीचचा, कोरडा.
भंगाळे वहिनींच्या वाट्याला करकर,
जुन्या कासऱ्याची, ओझं ओढल्यासारखी.
रशीद मन्यारच्या उशाशी कुणी आकडे मोजतं,
सत्तावीसला अडतं,
पुन्हा एकपासून.
सहा नंबरात भिंतीला मुठीएवढं भोक,
कितीदा बुजवलं, सिमेंट धरत नाही,
शेवटी त्यातून डिशची वायर घेतली.
तेरा नंबर बंद. युनिट शून्य.
तिथे नुसता वारा.

झिपरू म्हणतो, ती शेठनी धाकली शे,
विहिरीत गेली, जिथे आता पार्किंग आहे.
सर म्हणतात मुनीम,
रुईच्या गाठी मोजतोय अजून.
बऱ्हाटे ठेकेदार म्हणतो सोनं,
आणि मध्यरात्री फरशी ठोकत हिंडतो,
त्यामुळे तीन नंबरात आणखी एक भूत वाढलं.

दारोदार जाणारा मी एकटाच.
तुकडे माझ्याकडे जमत गेले, जुळेनात.
मुनीम कशाला ओढेल दोर?
धाकली कशाला मोजेल?

आखाजीच्या आदल्या दिवशी ट्रान्सफॉर्मर उडाला.
सेहेचाळीस डिग्री. शर्ट पाठीला चिकटलेला.
सुमन वळवी, नर्स, नाइट करून आलेली,
नवव्या पायरीवर चपला काढून बसली होती.
म्हणाली, इथे बसा. इथे लागतो.

लागला.
एक झुळूक, मग थांबा.
एक झुळूक, मग थांबा.
यंत्राचा वारा असा दम घेत नाही.

पंखेवाला आहे, ती म्हणाली,
पेशंटचा ताप सांगावा तशी.
आत छताला कापडाचा पंखा, भोकातून दोर बाहेर,
बाहेर हा.
हात भरून आले की अंगठ्याला बांधायचा.
डोळा लागू नये म्हणून मोजायचा.
आमच्या नवापूरकडून न्यायचे, दहा-बारा वर्षांची पोरं.

मी विचारलं, नाव?

आत झोपलेले कुठे नाव विचारतात,
ती म्हणाली, आणि चपला हातात घेऊन
आपल्या दाराकडे गेली.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा
आखाजी होऊन महिना झाला होता.
नवव्या पायरीवर एक घागर,
तांब्याएवढी, मातीची.
तोंडावर ठेवलेलं डांगर सुकून गेलेलं,
पाणी मात्र त्या दिवशीचं, गार.
कुणी ठेवली, कुणीच सांगेना.
बऱ्हाटेने तेवढ्यात तिच्याखाली ठोकून पाहिलं होतं.

रशीदने म्हणे एका रात्री वैतागून
भिंतीला सांगितलं, अठ्ठावीस.
आता ते एकोणतीसला अडतं.

आणि भंगाळे वहिनींची तक्रार,
करकर हल्ली पहाटे तीनला थांबते.
थांबते ती थेट उजाडेपर्यंत.
मग आम्हाला उकडतं हो, त्या म्हणाल्या,
जणू तेही माझ्याच खात्यातलं.

मी तेरा नंबरचा फोटो काढला. शून्य.
पिशवी खांद्याला लावली.
झिपरू गेटपर्यंत सोबत आला,
इकडे तिकडे बघत, हळूच,
तुमी काही म्हना साहेब,
ती धाकलीच शे.